युएसएमएलईच्या सराव चाचण्यांवरून खरा स्कोअर कितपत कळतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: युएसएमएलईची (अमेरिकेत डॉक्टरकीच्या परवान्यासाठी द्यायच्या परीक्षेची) दुसरी पायरी, स्टेप २ सीके, १२ दिवसांवर आली आहे, युवर्ल्डच्या (तयारीसाठी प्रश्नपेढी विकणाऱ्या कंपनीच्या) पहिल्या सेल्फ असेसमेंटमध्ये, म्हणजे सराव चाचणीत, २५१ आले, परवाच्या एनबीएमईत (खऱ्या परीक्षेचे प्रश्न काढणाऱ्या संस्थेच्या सराव चाचणीत) २३६, आणि तुम्हाला हवेत २५०. यातला कोणता आकडा खरा मानायचा आणि तारीख पुढे ढकलायची का?

२३६ माना. तारखेचं खाली लिहिते.

मी नागपूरच्या मेडिकलची. इंटर्नशिप संपवून २०२३ मध्ये स्टेप २ दिली. युवर्ल्डची पहिली चाचणी घरी दिली, तीही मे महिन्यात. तिचे ४० प्रश्नांचे चार ब्लॉक मी दोन दिवसांत उरकले. एक ब्लॉक झाला की कूलरमध्ये पाणी भरायचं, जेवायचं, जरा पडायचं. डोक्यात अडकून राहिलेली दोन-चार उत्तरं मधल्या वेळात नोट्समध्ये बघून घ्यायची. पुढच्या ब्लॉकमध्ये त्याच विषयाचा प्रश्न आला की मी हुशार! स्कोअर आला २५२. त्याच्या आगेमागे दिलेल्या तीन एनबीएमईंमध्ये २३४, २३८ आणि २४३ होते, पण ते आकडे मी घरात कुणाला सांगितलेसुद्धा नाहीत. २३४ आले त्या दिवशी आईनं विचारलं, "झाली का परीक्षा?" म्हटलं, ही खरी नाही, सरावाची आहे. "मग एवढी रडते काहून?"

खऱ्या परीक्षेत २४० आले. तीन एनबीएमईंची सरासरी काढा, २३८ येते. म्हणजे चाचण्यांनी मला बरोबर सांगितलं होतं. मी त्यातलं आवडलं तेवढंच ऐकलं.

नागपुरात नवतपाचा विषय निघाला की आपण सगळ्यात चढलेला पारा सांगतो. पेपरातही तोच छापून येतो. पण म्हणून रोजचा पारा तेवढा नसतो. सहा चाचण्यांमधला सर्वांत मोठा स्कोअर असाच असतो. त्यात तुमचा अभ्यास असतो, तसं त्या दिवशीचं नशीबही असतं: आवडत्या विषयाचे प्रश्न जास्त आले, दोन पर्यायांत अडकल्यावर मारलेले तुक्के लागले. अभ्यास परीक्षेपर्यंत सोबत येतो, नशिबाचा भरवसा नाही. म्हणून शेवटच्या तीन-चार आठवड्यांतल्या, आधी न पाहिलेल्या चाचण्यांची सरासरी धरायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना काही गुणांची जागा सोडायची. एनबीएमईच्या रिपोर्टमध्येही आकड्यासोबत संभाव्य पट्टा दिलेला असतो, पण आपण स्क्रीनशॉट काढतो तो आकड्याचा. खरी परीक्षासुद्धा दोन वेगवेगळ्या दिवशी दिली तर तोच स्कोअर येईल असं नाही, मग सरावाच्या चाचणीकडून त्याहून जास्त काय मागायचं?

एनबीएमईवर माझा भर आहे, कारण खऱ्या परीक्षेचे प्रश्नही तीच संस्था तयार करते. प्रश्नाची लांबी, पर्यायांची ठेवण, काय मुद्दाम सांगितलंय आणि काय लपवलंय, हा सगळा हात एकच आहे. युवर्ल्ड वेगळी, खासगी कंपनी आहे. शिकायला तिच्यासारखं दुसरं मला काही सापडलं नाही. पण महिनोन्‌महिने तिचीच प्रश्नपेढी सोडवून मग तिचीच चाचणी दिली, तर प्रश्न विचारणाऱ्याच्या खोड्या आपल्याला आधीच ठाऊक असतात. माझ्या २५२ मध्ये त्याचाही वाटा होता. टेलिग्रामवर फिरणाऱ्या पीडीएफमधून एनबीएमईचे प्रश्न आधी वाचले असतील, तर तो फॉर्मही (चाचणीचा तो संचही) गेला म्हणून समजा. त्यातून स्मरणशक्ती कळेल, स्कोअर कळणार नाही.

आणखी एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही, ती म्हणजे थकवा. एनबीएमईत २०० प्रश्न असतात. माझ्या वेळी खरी परीक्षा आठ ब्लॉकची, जास्तीत जास्त ३१८ प्रश्नांची आणि सगळं धरून नऊ तासांची होती. सहाव्या ब्लॉकपर्यंत मी ठीक होते. सातव्यात एकच परिच्छेद तीनदा वाचत होते. त्यात हैदराबादच्या सेंटरमधला एसी! ४५ अंशांतून गेलेली मी तिथे कुडकुडत बसले. एनबीएमई आणि फ्री १२० (युएसएमएलईचे मोफत नमुना प्रश्न) एकाच दिवशी दिले की ३२० प्रश्न होतात. एकदा तरी तसं करून बघा आणि शेवटच्या दोन ब्लॉकमध्ये टक्के किती घसरतात ते कागदावर लिहा.

स्टेप १ ला ही डोकेदुखी कमी आहे. २६ जानेवारी २०२२ पासून तिथे फक्त पास किंवा नापास. एनबीएमईची चाचणी टक्के आणि पास होण्याची शक्यता दाखवते, तुम्हाला फक्त रेषेच्या बऱ्यापैकी वर राहायचं असतं.

माझा चुलत भाऊ रशियातून एमबीबीएस करून आला आणि एफएमजीईला (परदेशात शिकून आलेल्या डॉक्टरांसाठीच्या भारतातल्या परीक्षेला) बसला. ३०० प्रश्न, पासाला १५०, निगेटिव्ह मार्किंग नाही. तो कोचिंगच्या ग्रँड टेस्टचे टक्के जोडत बसायचा. बाप्पा, त्या टक्क्यांना काय अर्थ? पेपर किती अवघड काढायचा ते कोचिंगवाला ठरवतो, आणि रँक लागते ती त्या दिवशी बसलेल्या मुलांमध्ये. तिथे मी त्याला एवढंच सांगितलं होतं की टक्के सोड, प्रत्येक टेस्टमध्ये चुकणारे तेच ते विषय पकड.

आता तुमची तारीख. नुसतं पास व्हायचं असेल तर जुलै २०२५ पासून स्टेप २ ची रेषा २१८ आहे. २३६ वर बिनधास्त जा. २५० खरंच हवे असतील तर १२ दिवसांत १४ गुण वाढताना मी फारसे पाहिले नाहीत. आणि एकदा पास झालात की स्कोअर सुधारायला पुन्हा बसता येत नाही, म्हणून इथे घाई महागात पडते. येत्या रविवारी एनबीएमईचा एक कोरा फॉर्म सकाळी आठला, ठरलेल्या वेळात, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून द्या. २४५ च्या वर आले तर तारीख हलवू नका. पुन्हा २३६ च्या आसपासच राहिलात तर महिना-दीड महिना पुढे जा, पण त्याआधी तुमचा तीन महिन्यांचा एलिजिबिलिटी पिरियड (परीक्षा द्यायची मुदत) कधी संपतो ते बघा. आणि प्रोमेट्रिकची (परीक्षा घेणाऱ्या केंद्राची) तारीख बदलायची तर लवकर बदला, परीक्षा जवळ येईल तशी फी वाढते.

इथे "सरावात २४०, खऱ्यात २६०" अशी उत्तरं खूप दिसतील. ती खोटी नसतात, पण ज्याचे २५ गुण कमी आले तो कशाला लिहायला येईल? तुमचा निकाल लागला की दोन्ही आकडे या उत्तराखाली टाका, कमी आला तरी.