वाचक विचारतात : कॉफीच्या लिलावात उतरण्याआधी

प्रश्न : पनामाची कॉफी किलोला तीस हजार डॉलरला गेली असं वाचलं. छापताना एखादं शून्य जास्त पडलं का? (एक वाचक, सांगली)

शून्यं बरोबर आहेत. २०२५ च्या ‘बेस्ट ऑफ पनामा’ लिलावात हासिएंडा ला एस्मेराल्डा या मळ्याच्या धुतलेल्या (फळाचा गर पाण्यानं काढून वाळवलेल्या) गेशा दाण्यांना किलोमागे ३०,२०४ डॉलर मिळाले. पण तो लॉट होता अवघा २० किलोचा, आणि घेणारी कंपनी दुबईची. मळ्याचं सगळं पीक या भावानं जात नाही. एवढ्या चिमुकल्या लॉटची बोली बरीचशी नावासाठी असते, असं आमचं स्पष्ट मत. याच मळ्याची गेशा २००४ साली पौंडाला (सुमारे ४५४ ग्रॅमला) २१ डॉलरला गेली, तेव्हा त्या भावानंही लोक चकित झाले होते. (गेशा हा इथिओपियातला भाग, तिथलं हे वाण. जपानी नर्तकींशी त्याचा काही संबंध नाही.)

प्रश्न : माझी छोटी रोस्टरी (कॉफी भाजून विकण्याचा धंदा) आहे. ‘कप ऑफ एक्सलन्स’च्या लिलावात बोली नेमकी कशी चालते? (एक वाचक, पुणे)

ही कॉफीच्या चवीची स्पर्धा १९९९ साली ब्राझीलमध्ये सुरू झाली, मग इतर देशांत गेली. मळेवाले नमुने देतात. आधी त्या देशातले आणि मग बाहेरचे परीक्षक मळ्याचं नाव न कळता ते चाखतात. हल्ली शंभरपैकी ८७ किंवा जास्त गुण मिळवणारे लॉट विजेते ठरून लिलावात येतात. नोंदणी केलेल्या खरेदीदारांना विजेत्या लॉटच्या नमुन्यांचा संच लिलावाआधी विकत घेता येतो.

लासलगावला व्यापारी ट्रॉलीतला कांदा हातात घेऊन बघतो आणि मग बोलतो. इथे माल समुद्रापलीकडे, त्यामुळे नमुन्याचं पाकीट हाच तुमचा ट्रॉलीतला कांदा. परीक्षकांचे गुण म्हणजे त्यांच्या जिभेचा कौल. तुमच्या गिऱ्हाइकाची जीभ वेगळी असू शकते.

बोली ऑनलाइन आणि चढती. गोम घड्याळात आहे. सगळ्या लॉटना बोली लागली की तीन मिनिटांचं घड्याळ सुरू होतं, आणि कुठल्याही एका लॉटवर नवी बोली आली की ते पुन्हा तीन मिनिटांवर जातं. म्हणजे सगळे लॉट एकाच क्षणी बंद होतात. शेवटच्या सेकंदाला झडप घालायचा डाव चालत नाही आणि लिलाव तासन्‌तास लांबतो. आपला लॉट हातचा गेला तर दुसऱ्याकडे वळता येतं. नवखे मात्र ‘असू दे एक जास्तीचा’ म्हणून दोन लॉटवर बोली ठेवतात आणि दोन्ही गळ्यात पडतात. लावलेली बोली मागे घेता येत नाही.

प्रश्न : नमुने घरी कसे तपासावेत? (तेच वाचक)

भाजणी हलकी ठेवा, ८ ते १२ मिनिटांत आटपा आणि दाणे किमान ८ तास मुरू द्या. २४ तासांच्या आत चाखा. नेहमीसारखी गडद भाजलीत तर सगळे नमुने सारखेच कडवट लागतील आणि पैसे वाया जातील. दर १५० मिलि पाण्याला ८.२५ ग्रॅम पूड, पाणी ९३ अंशांच्या आसपास. वाटीतल्या पुडीवर पाणी ओतल्यावर चार मिनिटांनी वर आलेला थर चमच्यानं मोडा, तेव्हा नाक वाटीजवळ हवं. मग फेस काढून टाका आणि थोडं निवल्यावर चाखा. पार कोमट होईपर्यंत चाखत राहा, कारण दोष गरमपणी लपतात.

एका नमुन्याच्या पाच वाट्या मांडतात, आणि प्रत्येक वाटीचे दाणे वेगळे तोलून वेगळे दळतात. आळस करून सगळे एकत्र दळले तर एखादा आंबलेला दाणा पाचही वाट्यांत पसरतो आणि दोष पुसट होतो. वेगळे दळले तर एकच वाटी आंबूस लागते, म्हणजे दोष कळतो. हिरव्या, म्हणजे न भाजलेल्या, दाण्यांतला ओलावाही मोजा, १० ते १२ टक्के हवा. त्याहून जास्त असला तर बुरशीची भीती.

प्रश्न : केनियाचा लिलाव असाच असतो का? (एक वाचक, मडगाव)

नाही. नैरोबी कॉफी एक्स्चेंजवर हंगामात दर आठवड्याला परवानाधारक व्यापारी खरेदी करतात. ती स्पर्धा नव्हे, बाजार आहे. पोतं ६० किलोचं, पण भाव ५० किलोचा सांगतात, हे विसरू नका. आणि केनियाच्या कॉफीवर लिहिलेला ‘एए’ हा दाण्याचा आकार झाला, चवीची हमी नव्हे.

प्रश्न : भारतात आणायला शेवटी किती पडते? (एक वाचक, नाशिक)

पहिली चूक इथेच होते : ‘कप ऑफ एक्सलन्स’ची बोली दर पौंड वजनामागे डॉलरमध्ये असते, लॉट किलोत मोजतात. ६० किलोच्या लॉटवर २० डॉलरची बोली म्हणजे १,२०० नव्हे, सुमारे २,६४६ डॉलर, किलोला ४४. वाहतूक-विमा किलोला ६ डॉलर धरा, झाले ५०. हिरव्या दाण्यांवर मूळ आयात शुल्कच १०० टक्के, म्हणजे किलो झाला १०० डॉलरचा. भाजताना १५ टक्के वजन उडतं, तेव्हा भाजलेला किलो ११८ डॉलरच्या घरात जातो. बाकीचे कर, कस्टममधून माल सोडवण्याचा खर्च आणि पाकिटं वेगळी. आयात परवाना आणि त्या देशाचं फायटोसॅनिटरी (मालात कीड-रोग नसल्याचं) प्रमाणपत्र यांची चौकशी बोलीआधीच करा. माल बंदरात अडकला की गोदामाचं भाडं चढतं. तीन-चार रोस्टरींनी मिळून एक लॉट घ्यायचा असेल, तर वाटणी आणि कमाल बोली आदल्या दिवशीच कागदावर लिहून ठेवा.