मनगटावरची थरथर

प्रश्न : स्मार्टवॉच घेतल्यापासून फोन खिशातच राहतो, पण मनगट सारखं थरथरतं. मग फायदा काय?

उत्तर : फायदा आहे, पण आपसूक मिळत नाही. फोनवर आलेली सूचना घड्याळ ब्लूटूथवरून उचलतं, हवी-नको ते बघत नाही. फोनमधल्या स्मार्टवॉचच्या अ‍ॅपमध्ये जाऊन नको त्या अ‍ॅपच्या सूचना बंद करा. मी कॉल, घरच्यांचे मेसेज आणि कॅलेंडर एवढंच ठेवलंय. बातम्या, सवलती, ग्रुपवरची सुप्रभातं सगळी बाद! एक मेसेज बघायला फोन उघडला की माणूस तिथेच रेंगाळतो. इवल्या पडद्यावर रेंगाळायला जागाच नसते. मात्र समोरचा बोलत असताना मनगटाकडे पाहू नका. तुम्हाला निघायची घाई आहे असं त्याला वाटतं. लांबलचक उत्तरं फोनवरूनच लिहा, मनगटावर टाइप करणं हा निव्वळ छळ आहे.