मांडवीचा बाजार आणि लेस्टरचा रस्ता

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये लेस्टरला राहते. यंदा उन्हाळाभर तिच्याकडे होते. तिथल्या भर गावातल्या रस्त्यावर मोठमोठी दुकाने बंद, काचांना आतून कागद चिकटवलेले, असे पाहून नवल वाटले. परत आल्यावर लहेरीपुरा दरवाज्यापासून मांडवीपर्यंत चालत गेले, तर ओळखीच्या काही दुकानांची शटरे इथेही खाली ओढलेली. यजमानांच्या मते हे सगळे ऑनलाइन खरेदीचे प्रताप आहेत. आपला बाजारही तिकडच्यासारखाच ओस पडणार का?
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : आपल्या यजमानांचे म्हणणे खोटे नाही, पण ते अपुरे आहे, आणि दोन्ही गावांतल्या बंद दुकानांची कारणे बरीच वेगळी आहेत.

आधी तिकडचे पाहू. इंग्लंडमधल्या गावोगावच्या मुख्य रस्त्यांवर गेल्या शतकात मोठ्या साखळी दुकानांनी जम बसवला. त्यामुळे एखादी कंपनी बुडाली की देशभरातली तिची शेकडो दुकाने थोड्याच दिवसांच्या अंतराने बंद होतात. वूलवर्थ्सची आठशेच्या आसपास दुकाने जानेवारी २००९पर्यंत बंद झाली, २०१६ साली बीएचएस गेले, २०२१ साली डेबनहॅम्स आणि २०२३ साली विल्को. ऑनलाइन खरेदीचा वाटा तिथे खरोखरच मोठा आहे. एकूण किरकोळ विक्रीच्या चौथ्या हिश्श्याहून थोडा अधिक भाग त्या मार्गाने होतो आणि कोरोनाच्या टाळेबंदीत तो काही काळ तिसऱ्या हिश्श्याच्याही वर गेला होता. परंतु त्याआधीच, १९८० आणि १९९०च्या दशकांत, गावाबाहेर मोटारीने जाण्याजोगी प्रचंड खरेदी केंद्रे उभी राहिली होती. शेफील्डजवळचे मेडोहॉल १९९०मधले. शिवाय दुकानाच्या जागेच्या भाडेमूल्यावर बसणारा बिझनेस रेट्स नावाचा कर विक्री घटली म्हणून आपोआप कमी होत नाही, आणि लांब मुदतीचे भाडेकरार मधेच सहज मोडता येत नाहीत. कर्जात बुडालेल्या कंपन्यांना हा भार पेलला नाही. घराघरात मोबाइल नसता, तरी यांतली काही दुकाने बंद पडलीच असती.

आपण लेस्टरला होता, तेव्हा बेलग्रेव्ह रोडवर गेलाच असाल. ज्याला तिथले लोक गोल्डन माइल म्हणतात, त्या रस्त्यावर साड्यांची, दागिन्यांची, मिठाईची दुकाने आजही चालतात. १९७२ साली युगांडातून हाकलले गेलेले अनेक गुजराती लेस्टरला आले आणि त्या वस्तीच्या बळावर हा बाजार वाढला. दुकानदार आणि गिऱ्हाईक शेजारीशेजारी राहत होते, हे तिथले खरे भांडवल. शहर तेच, ऑनलाइन कंपन्याही त्याच. तरीही एका रस्त्यावर कागद लावलेल्या काचा आहेत आणि दुसऱ्यावर लग्नसराईची गर्दी.

आता आपल्याकडे येऊ. चार दरवाज्यांच्या आतल्या बडोद्यात साखळी दुकाने नावापुरती. इथला प्रत्येक गाळा वेगळ्या धन्याचा, त्यामुळे इथे बाजार एका दिवसात कोसळत नाही, तो एकेका गाळ्याने झिजतो. घडियाळी पोळीत, म्हणजे जुन्या दाट वस्तीच्या त्या गल्लीत, एखाद्या साडीच्या दुकानात जाऊन बसा. खाली पांढरी गादी, शेठजी पाच मिनिटांत वीस साड्यांच्या घड्या मोडून टाकतात, नोकर त्या मागच्या मागे पुन्हा घालतो, आणि जिन्याखालच्या जागेत एक बाई फॉल-पिको करत बसलेली असते. तळमजला जागता असतो. मान वर करून पाहिले की कोरीव लाकडी खिडक्यांच्या झडपा बंद दिसतात, कारण वरच्या दोन मजल्यांवर आता माणसे राहत नाहीत, तिथे रिकामी खोकी आणि जुना माल आहे. त्या मजल्यांवरची कुटुंबे मांजलपूर, गोत्री, वासणा-भायलीकडे गेली, कारण पोळीत गाडी उभी राहत नाही, म्हाताऱ्यांना जिने चढवत नाहीत आणि भावाभावांत वाटण्या झाल्या. माझ्या मते आपल्या बाजाराचे खरे दुखणे हेच आहे. सकाळी दूध, दुपारी टाचणीचे पाकीट, संध्याकाळी भाजी घेणारे गिऱ्हाईक वरून खाली उतरत असे. नव्या वस्तीतले गिऱ्हाईक वर्षातून दोनदा येते, दिवाळीला आणि लग्नाला.

त्यात २०१८ साली न्यायालय न्यायमंदिराच्या इमारतीतून दिवाळीपुऱ्यातल्या नव्या इमारतीत गेले. तारखेसाठी आलेला खेड्यातला पक्षकार दुपारी मंगळ बाजारात मुलांचे कपडे घेऊन परतत असे. वकील, टायपिस्ट, स्टॅम्पविक्रेते, चहावाले यांची रोजची ये-जा अर्थातच न्यायालयामागोमाग गेली. सयाजीराव महाराजांच्या काळात न्यायमंदिर, खंडेराव मार्केट, सरकारी कचेऱ्या चालत जाण्याच्या अंतरावर उभारल्या गेल्या. एकेक कचेरी हलवताना गाड्या कुठे उभ्या राहतील याचा विचार झाला, दुकानांचे काय होईल याचा कुणी केल्याचे दिसत नाही.

ऑनलाइनचा फटका मालानुसार पडतो. मोबाइल, विजेची उपकरणे, तयार कपडे, खेळणी, पाठ्येतर पुस्तके यांच्या दुकानांना तो जबर बसला आहे. मॉडेलचा क्रमांक तोच असेल, तर गिऱ्हाईक फक्त किंमत पाहते. परदेशी भांडवल असलेल्या ऑनलाइन बाजारांनी स्वतःचा माल विकू नये आणि किमतींवर प्रभाव टाकू नये, असे केंद्र सरकारचे नियम १ फेब्रुवारी २०१९पासून अधिक कडक झाले. तरी सवलतींबद्दलची व्यापाऱ्यांची तक्रार संपलेली नाही. उलट जुने सोने देऊन नवे घडवायचे, रुखवतासाठी भांडी घ्यायची, नऊवार नेसून पाहायची किंवा मिक्सर दुरुस्त करून घ्यायचा असेल, तर माणूस अजून गावातच जातो. तेव्हा बाजार ओस पडेल असे मला वाटत नाही, तो आक्रसेल आणि सणांपुरता उरेल, ही भीती अधिक खरी आहे. वरचे मजले राहण्याजोगे करणाऱ्या घरमालकाला मालमत्ता करात सूट दिली, तर तिचा उपयोग कुठल्याही खरेदी महोत्सवापेक्षा जास्त होईल.

प्रश्न : रावपुऱ्यात वडिलांनी पूर्वी पागडी देऊन घेतलेला स्टेशनरीचा गाळा आहे. वडील असताना मी नोकरीवरून आल्यावर संध्याकाळी गल्ल्यावर बसत असे. ते गेल्यावर धंदा होईना, म्हणून गेल्या दिवाळीपासून दुकान बंद आहे. घरमालक गाळा सोडा म्हणतात. पुण्याचे मेहुणे म्हणतात, पागडी परत घेतल्याशिवाय सोडू नका, नाहीतर पुतण्याला चालवायला द्या. काय करावे?
— एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : मेहुण्यांचा सल्ला पुण्यात बरा, इथे धोक्याचा आहे. महाराष्ट्रात १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली. गुजरातेतल्या अशा जुन्या भाडेकरारांना लागू होणाऱ्या १९४७च्या मूळ मुंबई कायद्यात मात्र ठरलेल्या भाड्याखेरीज पागडी घेणे हा घरमालकासाठी गुन्हा आहे, आणि जागा सोडण्याबद्दल पैसे मागण्याची भाडेकरूलाही मनाई आहे. म्हणून वडिलांनी दिलेल्या रकमेची चिठ्ठी आपल्याजवळ असली, तरी तिच्या जोरावर हक्क सांगू नये.

त्याहून तातडीची गोष्ट बंद शटरची. जागा ज्या कामासाठी घेतली, त्या कामासाठी ती दाव्यापूर्वी सलग सहा महिने सबळ कारणाशिवाय वापरली गेली नसेल, तर तेवढ्यावर घरमालक ताबा मागू शकतो. दिवाळीपासून किती काळ गेला ते आपण जाणताच. दावा अजून दाखल झाला नसेल, तर दुकान आधी उघडा, संध्याकाळचे काही तास का होईना, पण खरोखर माल विकण्यासाठी. वीजबिल, खरेदीच्या पावत्या, दुकानाची नोंदणी आपल्या नावावर करून जपून ठेवा. भाडे बँकेतून पाठवा. घरमालक घेत नसेल, तर पाठवल्याचा पुरावा ठेवा, थकबाकी साचू देऊ नका. वडिलांच्या हयातीत आपण त्यांच्याबरोबर दुकानात बसत होता, हे आपल्या बाजूचे आहे, कारण धंद्याच्या जागेत भाडेकरूबरोबर व्यवसाय करणारा आणि पुढे तो चालू ठेवणारा कुटुंबीय भाडेकरू मानला जातो. पुतण्याला चालवायला देणे म्हणजे पोटभाडेकरू ठेवल्याचा आरोप ओढवून घेणे होय.

मात्र धंदा करायचाच नसेल, तर उगाच अडून बसण्यात मला अर्थ दिसत नाही. भाडे नगण्य म्हणून घरमालक गळणारे छप्पर दुरुस्त करत नाही, सोडून हाती काही लागत नाही म्हणून भाडेकरू कुलूप काढत नाही. जुन्या बाजारांतली कितीतरी शटरे अशीच गंजून गेली आहेत. मिळकत विकण्याचा पर्याय घरमालकाच्या मनात असेल आणि तो भाग अशांत धाऱ्याखाली, म्हणजे तणावाच्या भागांतल्या मिळकतींच्या विक्रीवर निर्बंध घालणाऱ्या गुजरातच्या कायद्याखाली, जाहीर झालेला असेल, तर त्याला आधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागेल, म्हणजे घाई त्यालाही परवडणारी नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०२४पासून वर्षभराहून अधिक रिकाम्या दुकानाचा एक ते पाच वर्षांचा भाडेपट्टा लिलावात काढण्याचा अधिकार नगरपालिकांना मिळाला आहे. आपल्याकडे तसे काही नसल्याने समजूत दोघांनाच काढावी लागेल, आणि ती वकिलामार्फत, न्यायालयात नोंदवून काढावी.

प्रश्न : लहेरीपुरा दरवाजा ते मांडवी या एम. जी. रोडवर वाहनबंदी केली तर बाजार सुधारेल का? व्यापारी विरोध करतात.
— एक वाचक, वाघोडिया रोड

उत्तर : दिल्लीच्या चांदणी चौकात २०२१पासून लाल किल्ला ते फतेहपुरी या सव्वा किलोमीटरच्या पट्ट्यात सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी आहे. रस्ता देखणा झाला, पण अंमलबजावणी सैल पडली की दुचाक्या आणि रिक्षा घुसतात, आणि मालाची चढउतार रात्री करावी लागत असल्याने घाऊक व्यापारी कुरकुरतात. आपल्या व्यापाऱ्यांची धास्ती निराधार नाही: भांडी, कापडाचे तागे, तिजोऱ्या हातात घेऊन कुणी सुरसागरपर्यंत चालत जाणार नाही. तरीही नवरात्रीच्या आधी चणिया-चोळीच्या खरेदीसाठी हाच रस्ता माणसांनी फुलतो आणि त्या दिवसांत कुणाचा गल्ला रिकामा राहत नाही.

म्हणून मी सरसकट बंदी मागणार नाही. संध्याकाळचे चार तास रस्ता पायी चालणाऱ्यांसाठी ठेवावा, मालाच्या गाड्या सकाळी दहाच्या आत याव्यात, ज्येष्ठांसाठी दरवाज्यापासून मांडवीपर्यंत लहान विजेची गाडी फिरावी. मंगळ बाजारच्या फेरीवाल्यांना २०१४च्या कायद्याप्रमाणे नोंदणी करून ठरलेली जागा द्यावी. त्यांना हुसकले, तर त्यांच्याकडे येणारे गिऱ्हाईक पक्क्या दुकानात शिरेल ही समजूत चुकीची आहे, कारण आई फेरीवाल्याकडे रुमाल घेते तेव्हाच मुलगी समोरच्या दुकानात ड्रेस मटेरियल पाहत असते. हा प्रयोग पावसाळा संपल्यावर सुरू करून दिवाळीपर्यंत चालवावा आणि तो पुढे न्यायचा की नाही, हे रस्त्यावरच्या दुकानदारांना विचारूनच ठरवावे.