फुकट मिळालेला गेको, साडेसव्वीस हजारांचा सेटअप आणि मोडायला काढलेली एफडी

ताई नमस्कार. तुमचा प्रश्न बाकीच्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात सांगतो. तुम्ही कोल्हापुरात शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहता, शाळेत नोकरी आहे, हातात ३४ हजार येतात, मिस्टरांच्या दुकानाचं कधी चालतं कधी नाही, आणि सगळं भागवून महिन्याला साडेपाच हजार शिल्लक राहतात. पुण्यातल्या भावाची जूनमध्ये बदली होतेय म्हणून त्याचा दोन वर्षांचा लेपर्ड गेको, म्हणजे ठिपक्यांची पाळीव पाल, तो तुमच्या नववीतल्या पोराला फुकट देतोय. पेट शॉपवाल्यानं सेटअपचे २६,५०० सांगितलेत. तर ६० हजारांची एफडी मोडायची, का नो कॉस्ट ईएमआयवर घ्यायचं, का भावाच्याच प्लास्टिकच्या टबात बल्ब लावून भागवायचं, हा तुमचा प्रश्न.

तिन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे. पण गेको आणूच नका असंही मी म्हणणार नाही, फक्त पैसे कुठं घालायचे आणि कधी, ते बदला.

आधी एफडी. ६० हजार म्हणजे तुमचा दोन महिन्यांचा पगारसुद्धा नाही आणि घरात अडीअडचणीला दुसरं काहीच ठेवलेलं नाही. मुदतीआधी मोडली की व्याजात बहुतेक अर्धा ते एक टक्का कापतात, पण ते नुकसान मी धरतच नाही. उद्या सासूबाईंना ॲडमिट करायची वेळ आली तर काय, मला ती काळजी आहे. ईएमआयचं म्हणाल तर नो कॉस्ट हे नावालाच, प्रोसेसिंग फी असते, व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि रोख घेताना जी सूट मिळाली असती ती बऱ्याचदा जाते.

आता खरा खर्च. गेको नीट सांभाळला तर १५ वर्षं सहज जगतो, काही तर २० पर्यंत जातात. किडे महिन्याला ६०० चे, कॅल्शियम पावडर १००, लाईट १५०, किरकोळ १५०, असे हजार रुपये मी धरलेत. म्हणजे वर्षाला १२ हजार आणि पुढच्या १३ वर्षांचे १ लाख ५६ हजार, तेसुद्धा महागाई न धरता. आणि पोरगं तीनचार वर्षांत शिकायला पुण्याला नाहीतर आणि कुठं जाणार, मग रातकिडे कोण घालणार? तुम्हीच. म्हणून हा खर्च पोराच्या हौसेचा म्हणून धरू नका, तुमच्या स्वतःच्या बजेटमध्ये लिहा आणि तो १३ वर्षं चालवायची मनाची तयारी आहे का ते आधी बघा.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तसं वाटेल, पण कोटेशनमधला निम्मा मसाला गेकोला लागतच नाही. वाळूच्या पिशव्या काढून टाका, विशेषतः लहान गेकोच्या पोटात वाळू गेली तर अडकून बसते. त्यापेक्षा खाली कडाप्पा नाहीतर शहाबादी फरशीचे तुकडे बसवा, पुसायला सोपे आणि गरम राहतात. लाल बल्ब नको. तापणारा खोटा दगड तर अजिबात नको, त्यानं पोट भाजतं. आणि दुकानदार जोडी घ्या म्हणतोय तेही ऐकू नका, हा एकटा राहणारा प्राणी आहे, दोन नर मारामारी करतात आणि नर मादी ठेवले तर अंडी, पिल्लं, दुसरं काचघर, खर्च वाढतच जातो.

मग लागतं काय? ३६ बाय १८ बाय १८ इंचाची काचपेटी, फिशटँक बनवणाऱ्याकडून, आणि वरचं जाळीचं झाकण उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनवाल्याकडून, दोन्ही मिळून मी साडेपाच हजार धरलेत. आपल्या घरातल्या पालीसारखी याच्या बोटांना चिकटायची गादी नसते त्यामुळं काचेवर चढत नाही, पण झाकण तरी हवंच, गल्लीतलं मांजर काय वाट बघत बसतंय का. हीट मॅट, म्हणजे खालून ऊब देणारी विजेची चटई, भावाकडची घ्या. लपायच्या जागा तीन लागतात, गरम बाजूला एक, गार बाजूला एक आणि मधे ओलसर शेवाळ घातलेली एक, नाहीतर कात नीट निघत नाही आणि बोटांवर राहिलेली कात आवळून बोटं झडतात. ह्यासाठी दुकानातल्या महागड्या गुहा कशाला, तुम्ही कुंभार गल्लीत राहता, मातीची बुटकी मडकी आडवी ठेवली की झालं.

थर्मोस्टॅटला, म्हणजे मॅट ठरलेल्या तापमानाला आपोआप बंद करणाऱ्या उपकरणाला, मात्र एक रुपया वाचवू नका. दोन हजार धरा. माझ्या एका क्लायंटनं मॅट थेट प्लगला लावली होती, रात्रीत फरशी इतकी तापली की सकाळी गेकोच्या पोटाला फोड आले, आणि डॉक्टरचं बिल थर्मोस्टॅटच्या दुपटीवर गेलं. मॅट काचेच्या खाली एक तृतीयांश भागातच लावा, पेटीला खाली रबरी पाय लावा म्हणजे उष्णता कोंडणार नाही, आणि थर्मोस्टॅटची वायर आत गरम फरशीवर चिकटवा. गरम बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस, गार बाजू २५ च्या आसपास, दोन्हीकडं वेगळा डिजिटल थर्मामीटर. दोन थर्मामीटर आणि दिवसाचा साधा एलईडी मिळून १,८०० होतील. मडकी, फरशी, पाण्याची वाटी आणि व्हिटॅमिन डी३ वालं कॅल्शियम १,२००. बेरीज साडेदहा हजार, वर दीड हजार हाताशी ठेवा, असे बारा हजार. आकडे माझ्या अंदाजाचे आहेत, दोन ठिकाणी विचारून पक्के करा. कमी ताकदीची यूव्हीबी (अतिनील किरणांची) ट्यूब नंतर सवडीनं घ्या, पण तोवर किड्यांना डी३ चं कॅल्शियम लावायचं चुकवू नका, ते चुकलं की हाडं वाकतात आणि मग पैसा ओतूनही सरळ होत नाहीत.

तुम्ही लिहिलंय की पेटी वरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवणार. हे करू नका ताई. रखरखीत प्रदेशातला प्राणी म्हणून ऊन सोसतो हा गैरसमज आहे, अफगाणिस्तान पाकिस्तानच्या डोंगराळ भागातही तो दिवसभर दगडाखाली दडून बसतो आणि संध्याकाळी बाहेर पडतो. एप्रिल मेमध्ये आपल्या पत्र्याखाली दुपारी काय होतं ते तुम्हाला माहितेय, तिथं गार बाजू राहणारच नाही. खालच्या मधल्या खोलीत, टेबलावर, भिंतीच्या सावलीच्या बाजूला ठेवा. पण खाली म्हणजे पूर आलाच, २०१९ आणि २०२१ तुम्ही बघितलंय, म्हणून झाकणाचा एक हलका हवेशीर डबा तयार असू दे, पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांच्या धोक्याच्या पातळीकडं सरकायला लागलं की गेको त्यात घालून उंचावरच्या नातेवाइकांकडं. पावसाळ्यात हवा दमट असते तेव्हा शेवाळाला पाणी कमी आणि झाकणाची जाळी मोकळी, नाहीतर छातीत कफ होतो. प्लगबोर्ड पेटीच्या खाली नको, बाजूला उंचावर. त्या खोलीत डास मारायची कॉइल नको. हात लावल्यावर साबणानं हात धुवायचे, वाटी स्वयंपाकघरात विसळायची नाही, साल्मोनेला जंतूंचा धोका असतो आणि घरात सासूबाई आहेत.

पैसे आता असे लावा. आत्ता फेब्रुवारी आहे, जूनला चार पगार आहेत. दर महिन्याला तीन हजार सेटअपला बाजूला काढा, चार महिन्यांत बारा होतात, एफडीला हात नाही. आणि वर एक हजार वेगळ्या खात्यात, गेको घरात आलाय आणि किडे आणताय असं धरून. तो हजार चारही महिने न चुकता निघाला तर पुढंही निघेल, आणि साचलेले चार हजार डॉक्टरसाठी राहतील, कारण सरपटणारे प्राणी बघणारा डॉक्टर जवळ मिळेलच असं नाही, पुण्याची खेप धरूनच चाला. दोन महिने जरी हजार काढायला ओढाताण झाली तरी मला तेव्हाच कळवा, आपण थांबू.

कागदाचं विसरू नका. २०२२ च्या वन्यजीव कायदा दुरुस्तीनंतर साइट्स या वन्यजीव व्यापाराच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतले परदेशी प्राणी पाळणाऱ्यांना सरकारकडं नोंद करावी लागते, २०२४ मध्ये त्याचे नियम आले आणि नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर होते. भावाकडून खरेदीचं मूळ बिल आणि तो देतोय असं दोन ओळींचं पत्र घ्या आणि वनविभागाच्या ऑफिसात दाखवून तुमच्या गेकोचं काय करायचं ते लेखी विचारून घ्या. बिलच नसेल तर तो आला कुठून ते नीट विचारा. आपल्या पश्चिम भारतातही त्याचा भाऊबंद रानात राहतो, रानातून पकडलेला जीव घरात नको.

पेटी आणि थर्मोस्टॅट एप्रिलच्या पगारापर्यंत घ्या आणि मेमध्ये, उन्हाच्या ऐन कडाक्यात, रिकामीच चालू करा. पोराला सकाळ, दुपार, रात्रीचे दोन्ही बाजूंचे आकडे दोन आठवडे वहीत लिहायला लावा. गार बाजू ३० च्या वर जातेय असं दिसलं तर जागा बदलून बघा, आणि तरी जमलं नाही तर भावाला मेमध्येच सांगा, म्हणजे त्याला बदलीच्या आधी दुसरं चांगलं घर शोधायला वेळ मिळेल.