पंडित भीमसेन जोशी यांच्या स्वभावातून आपण काय शिकावे?

यशस्वी संगीतकाराच्या स्वभावातून आणि मूल्यांतून काय घ्यावे, असा प्रश्न आहे. मला सर्वप्रथम पंडित भीमसेन जोशी आठवतात.

शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकून भारावलेला हा मुलगा 1933 मध्ये, वयाच्या अवघ्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात कर्नाटकातील गदगचे घर सोडून निघाला आणि विनातिकीट प्रवास करत, मिळेल ते काम करत उत्तरेकडे भटकला. हे धाडस आजच्या मुलांनी गिरवावे असे मी मुळीच म्हणणार नाही; घ्यायची आहे ती त्यामागची तळमळ. पुढे कर्नाटकातल्याच कुंदगोळला गायक सवाई गंधर्वांकडे त्यांना तालीम मिळाली, तीही लगेच नव्हे. आधी गुरुगृही पाणी भरण्यासारखी कष्टाची कामे करावी लागली. खांद्यावर घागर, आतून कानावर पडणारे गुरूंचे स्वर आणि ते मनात साठवणारा तो किशोर हे चित्र मला फार मोलाचे वाटते.

गुरूंविषयीची कृतज्ञता त्यांनी केवळ शब्दांत ठेवली नाही. सवाई गंधर्व 1952 मध्ये निवर्तले आणि 1953 पासून पुण्यात त्यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या महोत्सवाची धुरा भीमसेनजींनी अनेक दशके वाहिली. शिवाय, किराणा घराण्याचे, म्हणजे शास्त्रीय गायनाच्या एका विशिष्ट परंपरेचे, असूनही इतर घराण्यांतील जे भावले ते त्यांनी मोकळ्या मनाने आत्मसात केले आणि ते कधी लपवलेही नाही. 2008 मध्ये भारतरत्न जाहीर झाले, तेव्हा त्यांच्या रियाजाला सात दशके उलटून गेली होती.