चिनी कवी त्साओ झी याने 'सात पावलांची कविता' खरोखरच भावाच्या धाकाने रचली होती का?

तसे ठामपणे म्हणता येत नाही. २२० मध्ये सम्राट झालेल्या त्साओ पीने धाकट्या भावाला सात पावलांत कविता रचण्यास, अन्यथा मरण्यास फर्मावले, ही कथा सुमारे दोनशे वर्षांनंतरच्या किस्सासंग्रहात येते. कवितेत भांड्यातले दाणे रडतात, कारण खाली त्यांच्याच रोपाच्या काड्या जळत असतात (तुरीखाली तुराट्याच पेटवाव्यात, तसे). मला मात्र २२३ सालची, सावत्र भाऊ ब्याओ याला उद्देशून लिहिलेली कविता अधिक बोलकी वाटते. सख्खा भाऊ झांग राजधानी लोयांगमध्येच वारला होता आणि तिथून परतताना झी व ब्याओ यांना सोबत प्रवास करण्यासही अधिकाऱ्यांनी मनाई केली होती; तरी कवीचा राग निघतो तो घुबडे, लांडगे आणि पांढऱ्याचे काळे करणाऱ्या माश्यांवर, म्हणजे कान भरणाऱ्यांवर; सम्राटावर नव्हे.