मत्तयाची यादी आणि आपलं झाड

प्रिय बाळा,

काल चर्चमधून येताना गाडीत तू दोन प्रश्न विचारलेस आणि मी "घरी गेल्यावर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. घरी आले आणि लगेच नाइट ड्युटीला पळाले. म्हणून हे पत्र लिहून फ्रिजला लावतेय. मराठीत आहे, अडलं तर पप्पांना विचार.

तुझा पहिला प्रश्न, मत्तयाने बायबलमधल्या आपल्या शुभवर्तमानाच्या सुरुवातीलाच, येशूची वंशावळ म्हणून, "अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला" असं पानभर का लिहिलंय? दुसरा, शाळेसाठी घराण्याचं झाड काढताना माझ्या बाजूची फांदी खापरपणजोबांपाशी का तुटते? "आपल्या मराठी लोकांत हे कुणी लिहून ठेवत नाही का?" असंही तू जरा रागातच म्हणालीस.

ठेवतात की! पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या चोपड्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की कुणाचे आजोबा कधी आले होते ते काढून दाखवतात. आणि सोलापूरकडे हेळवी येतात, घराघरांची वंशावळ सांगणारे. माझ्या शाळेतल्या एका मैत्रिणीचं गाव अक्कलकोटच्या बाजूला होतं, तिथे मी पाहिलेत. सुगी झाली की झूल घातलेल्या बैलावर बसून दारात येणार, घंटा वाजवणार आणि त्या घराच्या पिढ्या एका दमात म्हणायला लागणार. मूळ पुरुष कुठून आला, त्याला मुलगे किती, कोण कुठल्या गावी गेला, सगळं. त्यांचं बोलणं निम्मं कानडी, मला अर्धंच कळायचं. मग मैत्रिणीची आजी सुपातून ज्वारी घेऊन बाहेर यायची आणि घरात नवीन मूल झालं असेल तर त्याचं नाव सांगायची, तेही वहीत चढायचं. मैत्रीण मात्र फुरंगटलेली असायची. तिच्या धाकट्या भावाचं नाव म्हटलं जायचं, तिचं नाही.

आणि वही नसली तरी तुझ्या नावातच दोन पिढ्या आहेत. तुझं नाव, मग पप्पांचं, मग आडनाव. इथल्या तुझ्या टीचर त्याला मिडल नेम समजतात आणि मुलीला पुरुषाचं नाव कसं म्हणून बुचकळ्यात पडतात. माझ्या नावात लग्नाआधी तुझ्या आजोबांचं नाव होतं, आता पप्पांचं आहे. आई कुठेच नाही. महाराष्ट्र सरकारने आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी आईचं, मग वडिलांचं नाव लावणं बंधनकारक केलंय. उशिरा का होईना!

आता मत्तय. त्यानेही यादी बापांचीच केलीय, पण मध्येच चार बायका घुसवल्यात. तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको, म्हणजे बथशेबा, जिचं नावसुद्धा तो घेत नाही. सारा, रिबका, राहेल या मोठ्या घरच्या मानाच्या आया त्याने सोडून दिल्या. घेतल्या कोण? सासऱ्याने न्याय दिला नाही म्हणून वेश पालटून रस्त्याच्या कडेला बसलेली विधवा सून. यरीहोच्या गावकुसाला लागून राहणारी वेश्या. मवाबाहून सासूच्या मागे आलेली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी परकी बाई. आणि जिच्या नवऱ्याला दावीद राजाने लढाईत मुद्दाम पुढे करून मारवलं ती. आपल्याकडे लग्न जमवताना ज्या गोष्टी दाबून ठेवतात, नेमक्या त्याच त्याने पहिल्या पानावर छापल्यात.

बाकी हिशोबात तो पक्का नाही. चौदा-चौदा पिढ्यांच्या तीन पायऱ्या म्हणतो, पण योराम आणि उज्जीया यांच्यामधले तीन राजे गाळतो. दुसरं शुभवर्तमान लिहिणारा लूक तर उलटा चालत थेट आदामापर्यंत पोहोचतो, आणि योसेफाच्या बापाचं नावही दोघांचं जुळत नाही, एक याकोब म्हणतो, दुसरा एली. यावर पंडितांनी पानंच्या पानं लिहिलीत. पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला पत्रात, लोकांनी असल्या न संपणाऱ्या वंशावळींच्या नादी लागू नये असं बजावायला सांगितलंय, त्यामुळे तू पेंगलीस याचं मला फार वाईट वाटलं नाही.

मला त्या पानातली शेवटची ओळ सगळ्यात आवडते. अब्राहामापासून बाप-मुलगा, बाप-मुलगा करत मत्तय योसेफापर्यंत येतो आणि तिथे वाक्य बदलतो. योसेफाला येशू झाला असं म्हणत नाही, मरीयेचा पती योसेफ, आणि तिच्यापासून येशू, असं म्हणतो. म्हणजे एवढी सगळी वंशावळ ज्याची, त्याचं आणि येशूचं रक्ताचं नातंच नाही. योसेफाने मरीयेला घरात घेतलं, बाळाचं नाव ठेवलं, आणि तेवढ्यावर दावीदाचं अख्खं घराणं त्या बाळाचं झालं.

हे मला आवडायचं कारण आपल्या झाडाची ती तुटकी फांदी. तुझे खापरपणजोबा 1900 च्या दुष्काळात सोलापुरात आले, एकटे, सातेक वर्षांचे. त्याआधी 1896-97 चा दुष्काळ होऊन गेला होता, लोक सावरलेही नव्हते. गावंच्या गावं उठून शहराकडे यायची. सोलापुरात 1877 पासून चालू असलेली जुनी मिल होती, काहींना तिथे काम मिळे. पोरक्या मुलांना मिशनवाले ठेवून घेत. अमेरिकन मराठी मिशन तिथे 1860 च्या दशकापासून होतं. त्या वेळच्या मिशनच्या नोंदवहीतलं पान तुझ्या आजोबांनी मला दाखवलंय. बोरूने लिहिलेलं वळणदार अक्षर, वयाच्या रकान्यात "अंदाजे 7", आणि आईवडिलांच्या रकान्यात एक आडवी रेघ. शाई तिथे थोडी फुटलीय. आडनावसुद्धा त्यांनी सांगितलेल्या गावावरून लावून दिलेलं. जात, कूळ, काही नाही. आजोबांना त्या रेघेची थोडी लाज वाटायची. आमच्या लहानपणी "तुम्ही मूळचे कोण?" असं कुणी विचारलं की ते विषय बदलायचे. सोलापुरात हा प्रश्न गोड बोलून विचारला जातो आणि त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

एज्राच्या पुस्तकात आहे बघ, बाबेलहून परत आलेल्या काही याजकांना वंशावळीत आपली नावं सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपणातून काढलं. कागद नाही तर मान नाही. आणि त्याच बायबलमध्ये शालेमचा राजा मलकीसदेक आहे, ज्याला "इब्री लोकांस" या पत्रात बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही असं म्हटलंय, आणि अब्राहाम त्यालाच दशमांश देतो. आजोबांनी ही ओवी लाल पेन्सिलीने अधोरेखित केलेली मी त्यांच्या बायबलमध्ये पाहिलीय. कधी बोलले नाहीत.

तेव्हा शाळेच्या झाडावर त्या जागी प्रश्नचिन्ह काढू नकोस. "1900 च्या दुष्काळात सोलापूरला आलेला मुलगा" असं लिही. पप्पांच्या बाजूचे सहा पुरुष ओळीने येतात, त्याने बिचकू नकोस. आणि बायकांची नावं घाल, सगळ्यांची. पणजी आणि खापरपणजीचं माहेरचं नाव मला ठाऊक नाही, सोलापूरच्या मावशीआजीला पाठ आहे. रविवारी तिला फोन लाव, आपल्या सकाळी, तिथे तेव्हा दुपार असते. जरा मोठ्याने बोल, तिला कमी ऐकू येतं. आधी ती जेवलीस का विचारेल, मग नाताळला सोलापूरला कधी येणार विचारेल, मग नावं सांगेल. वही-पेन आधीच घेऊन बस, ती भराभर सांगते.

तुझी,
मम्मी